नवशिक्यांसाठीची व्हिडिओ संपादन सॉफ्टवेअर

नवशिक्यांसाठीची व्हिडिओ संपादन सॉफ्टवेअर म्हणजे चित्रपट किंवा दूरचित्रवाणी तंत्राचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या व्यक्तीला चित्रीकरणाचे तुकडे निवडता, कापता, जोडता आणि त्यांवर ध्वनी व अक्षरे चढवता यावीत, या हेतूने रचलेल्या संगणकीय व मोबाइल प्रणाली होत. आयमूव्ही, विंडोज मूव्ही मेकर, क्लिपचॅम्प, ओपनशॉट, शॉटकट, केडेनलाइव्ह, काइनमास्टर आणि इनशॉट ही या प्रकारातील परिचित नावे आहेत. स्मार्टफोन व स्वस्त इंटरनेट यांच्या प्रसारानंतर महाराष्ट्रात शिक्षक, शेतकरी, लोककलावंत, गृहिणी आणि विद्यार्थी या प्रणालींचे वापरकर्ते झाले. या लेखात अशा प्रणालींची वाटचाल, त्या वापरताना येणारे सर्वसाधारण अनुभव, विशेषतः मराठीतून काम करणाऱ्यांच्या अडचणी, आणि त्यांमागील तांत्रिक कारणे यांचा आढावा घेतला आहे.

संकल्पना

संपादन म्हणजे केवळ नको असलेला भाग काढून टाकणे नव्हे. कोणते दृश्य आधी, कोणते नंतर, कोणते किती वेळ दिसावे आणि त्या वेळी काय ऐकू यावे, हे ठरवणे म्हणजे संपादन. व्यावसायिक प्रणालीत या प्रत्येक निर्णयासाठी अनेक साधने असतात. नवशिक्यांसाठीच्या प्रणालीत त्यांतील मोजकीच समोर ठेवलेली असतात व बाकीची लपवलेली किंवा वगळलेली असतात.

अशा बहुतेक प्रणालींच्या पडद्याचे तीन भाग असतात. एका भागात निवडलेल्या चित्रफिती, छायाचित्रे व ध्वनी यांचा संग्रह असतो. दुसऱ्या भागात तयार होत असलेले दृश्य पाहता येते. तिसरा भाग म्हणजे कालरेषा. ही डावीकडून उजवीकडे जाणारी पट्टी असून तिच्यावर तुकडे क्रमाने मांडले जातात. तुकडा बोटाने किंवा माउसने उचलून हव्या त्या जागी ठेवता येणे, हे या रचनेचे मुख्य वैशिष्ट्य होय. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९८३ मध्ये अशा हाताळणीला 'थेट हाताळणी' ही संज्ञा रूढ केली.

येथे मूळ चित्रफितीला धक्का लागत नाही. कालरेषेवर तुकडा कापला, तरी मूळ संचिका जशीच्या तशी राहते. प्रणाली फक्त 'या संचिकेचा अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंतचा भाग दाखव' अशी नोंद ठेवते. ही एक गोष्ट लक्षात आली की नवशिक्याची बरीचशी भीती कमी होते. त्याच गोष्टीच्या अज्ञानातून काही मोठे अपघातही घडतात, त्यांचा उल्लेख पुढे आला आहे.

पार्श्वभूमी

भारतीय चित्रपटाचा आरंभच एका स्वयंशिक्षित संपादकाच्या घरात झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन चित्रपटनिर्मितीची माहिती घेतली, यंत्रसामग्री आणली आणि घरीच प्रयोग सुरू केले. भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी रोपाच्या वाढीचा एक लघुपट तयार केला. ठरावीक अंतराने टिपलेली चित्रे सलग दाखवून रोप डोळ्यांदेखत वाढताना त्यात दिसत असे. आज मोबाइलमध्ये एका बटणावर होणारे 'टाइम लॅप्स' चित्रण तत्त्वतः तेच आहे. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मला छिद्रे पाडणे, ती रसायनांत धुणे आणि जोडणे ही कामे शिकून घेतली होती. त्यांचा उल्लेख भारतातील पहिल्या चित्रपट संपादक असा केला जातो.

पुढे या कामाचे व्यवसायात रूपांतर झाले. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली व १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्याच आवारात १९६० मध्ये आजची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था सुरू झाली. संपादन हा तेथील अभ्यासक्रमाचा स्वतंत्र विषय आहे. रेणू सलुजा आणि राजकुमार हिरानी यांचे शिक्षण याच संस्थेत झाले. मात्र हे शिक्षण व त्यासाठी लागणारी यंत्रे सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर होती.

सामान्य कुटुंबाचा संपादनाशी पहिला संबंध आला तो लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमुळे. तालुक्याच्या गावातील फोटो स्टुडिओत एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर दृश्ये उतरवून घेतली जात. या कामाला आजही अनेक ठिकाणी 'मिक्सिंग' म्हणतात. कॅसेटवरील संपादन सरळ क्रमाने करावे लागे. सुरुवातीला एखादे दृश्य घालायचे राहिले, तर पुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे. संगणकावरील संपादनाने ही अडचण दूर केली. १९८९ मध्ये अ‍ॅव्हिड आणि १९९१ मध्ये अ‍ॅडोबी प्रीमियर या प्रणाली आल्या. भारतातील विवाह-चित्रीकरण व्यवसायात पुढे एडियस ही प्रणाली विशेष रुळली.

घरगुती वापरासाठी निर्णायक ठरल्या त्या दोन प्रणाली. अ‍ॅपलने ऑक्टोबर १९९९ मध्ये आयमूव्ही आणली आणि मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये विंडोज एमई या आवृत्तीसोबत मूव्ही मेकर दिली. दुसरी प्रणाली विंडोजबरोबर विनामूल्य मिळत असल्याने शाळा, सायबर कॅफे व घरचे संगणक येथे ती सहज पोहोचली. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये ती देणे बंद केले. २०२१ मध्ये त्याच कंपनीने क्लिपचॅम्प ही ऑस्ट्रेलियन कंपनी विकत घेतली व तिची प्रणाली विंडोज ११ मध्ये समाविष्ट केली.

प्रमुख प्रणाली

संगणकावरील प्रणालींचे दोन गट पडतात. पहिला गट कंपन्यांच्या मालकीच्या प्रणालींचा. आयमूव्ही विनामूल्य असली, तरी ती फक्त अ‍ॅपलच्या उपकरणांवर चालते आणि मुख्य दृश्यावर एकच जादा दृश्यस्तर ठेवू देते. क्लिपचॅम्पची विनामूल्य आवृत्ती १०८० पिक्सेल उंचीपर्यंतची चित्रफीत देते. ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीची डाविंची रिझॉल्व्ह ही मुळात रंगसंस्करणासाठीची व्यावसायिक प्रणाली असून २०११ पासून तिची विनामूल्य आवृत्ती मिळते. ती अत्यंत समर्थ आहे. परंतु तिला चांगले ग्राफिक्स कार्ड व भरपूर स्मृती लागते आणि नवशिक्याला तिचा पडदा प्रथमदर्शनी गोंधळात टाकतो.

दुसरा गट मुक्त स्रोत प्रणालींचा. केडेनलाइव्ह, शॉटकट आणि ओपनशॉट या तिन्ही विंडोज, मॅक व लिनक्स यांवर चालतात, त्यांना परवाना शुल्क नाही व त्या चित्रफितीवर आपली खूण उमटवत नाहीत. ओपनशॉटची सुरुवात २००८ मध्ये जोनाथन थॉमस यांनी केली. तिघींपैकी ती शिकण्यास सर्वांत सोपी मानली जाते. केडेनलाइव्ह अधिक विस्तृत आहे. संगणकाचा जुनेपणा आणि पैशांची चणचण या दोन्ही बाबी असलेल्या शाळांसाठी हा गट महत्त्वाचा आहे.

मोबाइलवरील प्रणालींत दक्षिण कोरियातील काइनमास्टरने २०१३ मध्ये अँड्रॉइडवर अनेक स्तरांचे संपादन आणले. इनशॉट व व्हीएन यांनी उभ्या चौकटीच्या लघु चित्रफितींसाठी सोपी रचना दिली. भारत सरकारने जून २०२० मध्ये ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉकबरोबरच व्हिव्हाव्हिडिओ हे संपादनाचे अ‍ॅपही होते. बाइटडान्सचे कॅपकट जगभर लोकप्रिय असले, तरी भारतात ते अधिकृतपणे उपलब्ध नाही. यूट्यूबने सप्टेंबर २०२३ मध्ये यूट्यूब क्रिएट हे विनामूल्य अ‍ॅप जाहीर केले. पहिल्या टप्प्यातील देशांत भारताचा समावेश होता.

नवशिक्यांचा सर्वसाधारण अनुभव

नव्या वापरकर्त्याच्या वर्तनावरील मूलभूत संशोधन संपादन प्रणालींच्या आधीचे आहे, पण ते येथे तंतोतंत लागू पडते. आयबीएमच्या प्रयोगशाळेतील जॉन कॅरल आणि कॅरोलिन कॅरिथर्स यांनी १९८४ मध्ये एका लेखन-प्रणालीतील प्रगत सुविधा नवख्यांसाठी बंद करून पाहिल्या. लहान मुलांच्या सायकलला जोडलेल्या आधाराच्या चाकांप्रमाणे ही रचना काम करत असे. चुकीच्या वाटा बंद असल्याने अशा वापरकर्त्यांनी काम लवकर पूर्ण केले. १९८७ मध्ये कॅरल व मेरी बेथ रॉसन यांनी आणखी एक विसंगती मांडली. वापरकर्त्याला प्रणाली शिकायची नसते, हातातले काम उरकायचे असते. म्हणून तो मार्गदर्शिका वाचत नाही. वाचली असती तर पुढचा वेळ वाचला असता, हे खरे असूनही तो वाचत नाही.

संपादनात याचे प्रत्यंतर ठरावीक टप्प्यांत येते. पहिल्या टप्प्यात वापरकर्ता तयार साचे, संक्रमणे आणि चमकदार परिणाम यांकडे आकृष्ट होतो. दर दोन तुकड्यांच्या मध्ये पान उलटल्यासारखे किंवा तुकडे उडाल्यासारखे परिणाम घातले जातात. दुसऱ्या टप्प्यात, चित्रफीत इतरांना दाखवल्यावर, ती लांबली असल्याचे लक्षात येते व छाटणी सुरू होते. तिसऱ्या टप्प्यात ध्वनीचे महत्त्व पटते. अस्पष्ट चित्र प्रेक्षक काही काळ सहन करतो, पण न ऐकू येणारे बोलणे तो सहन करत नाही. या टप्प्यावर वापरकर्ता एका व्यक्तीचे बोलणे चालू ठेवून वर दुसरे दृश्य दाखवण्यास शिकतो. हे कौशल्य हाती आले की तो तयार साच्यांवर अवलंबून राहत नाही.

अतिसोप्या प्रणालीची मर्यादा येथेच जाणवते. ध्वनी व चित्र वेगळे करता येत नसतील किंवा दुसरा स्तरच नसेल, तर वापरकर्त्याला प्रणाली बदलावी लागते आणि आधीचे अपुरे प्रकल्प नव्या प्रणालीत सहसा उघडत नाहीत.

वारंवार येणाऱ्या अडचणी

हरवलेल्या संचिका

प्रकल्पाच्या संचिकेत चित्रफिती नसतात, त्यांचे पत्ते असतात. वापरकर्ता पेनड्राइव्हवरून थेट काम करतो व नंतर पेनड्राइव्ह काढतो, किंवा फोनमधील जागा मोकळी करण्यासाठी मूळ चित्रण पुसतो. त्यानंतर प्रकल्प उघडल्यास दृश्यांच्या जागी काळी किंवा लाल चौकट दिसते. यावरचा उपाय साधा आहे. प्रत्येक प्रकल्पासाठी एक स्वतंत्र फोल्डर करून सर्व चित्रण आधी त्यात उतरवावे, मगच संपादन सुरू करावे आणि अंतिम चित्रफीत तयार होऊन तपासली जाईपर्यंत त्यातील काहीही हलवू किंवा पुसू नये.

साठवण व वेग

सेकंदाला सुमारे १६ मेगाबिट या दराने साठवलेले चित्रण मिनिटाला १२० मेगाबाइट जागा घेते. म्हणजे तासाभराच्या कीर्तनाला किंवा ग्रामसभेला ७ गिगाबाइटहून अधिक जागा लागते. त्याच वेळी अंतिम चित्रफीत साठवण्यासाठी वेगळी जागा हवी असते. १० मिनिटांची चित्रफीत सेकंदाला ८ मेगाबिट दराने निर्यात केल्यास ती सुमारे ६०० मेगाबाइटची होते. जुन्या संगणकावर कालरेषा अडखळत चालते. त्यासाठी केडेनलाइव्ह, शॉटकट व डाविंची रिझॉल्व्ह यांत मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करण्याची सोय आहे. निर्यातीच्या वेळी प्रणाली पुन्हा मूळ चित्रणच वापरते.

निर्यात हाही गैरसमजाचा विषय आहे. 'सेव्ह' केल्याने प्रकल्प जतन होतो, चित्रफीत तयार होत नाही. अनेक नवशिके प्रकल्पाची काही किलोबाइटची संचिका व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात व ती समोरच्याकडे उघडत नाही. निर्यातीच्या काळात वीज गेली, तर अर्धवट संचिका निरुपयोगी ठरते. प्रकल्प मात्र जतन केलेला असेल, तर निर्यात पुन्हा करता येते. भारनियमनाच्या भागात स्वयं-जतनाची मुदत कमी ठेवणे त्यामुळे उपयुक्त असते.

ओठ आणि आवाज यांचा मेळ

मोबाइल फोन प्रकाशानुसार दर सेकंदाच्या चौकटींची संख्या बदलत राहतात. संगणकावरील अनेक प्रणाली मात्र ही संख्या स्थिर असल्याचे गृहीत धरतात. परिणामी चित्रफीत जसजशी पुढे जाते, तसतसा बोलणाऱ्याचा आवाज ओठांच्या मागे किंवा पुढे पडू लागतो. दोष वापरकर्त्याचा नसून चित्रणाच्या स्वरूपाचा असतो. संपादनापूर्वी चित्रण स्थिर चौकटसंख्येत रूपांतरित करून घेणे हा त्यावरील उपाय आहे.

भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने काही दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतो. ३० चौकटींच्या चित्रणात वर्गातील ट्यूबलाइट किंवा मंडपातील दिवे त्यामुळे लुकलुकताना दिसू शकतात. चित्रणाच्या वेळी सेकंदाला २५ चौकटी किंवा १/५० वा १/१०० सेकंदाचा शटर वेग ठेवल्यास हा दोष टळतो. नंतर संपादनात तो काढणे कठीण असते.

देवनागरी अक्षरे

मराठी वापरकर्त्यांची सर्वांत जुनी तक्रार शीर्षकांविषयी आहे. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, पण दाखवावी लागते व्यंजनाआधी. जोडाक्षरांसाठीही दोन व्यंजने व हलन्त यांपासून एक नवा आकार घडवावा लागतो. हे काम करणारा अक्षररचनेचा भाग प्रणालीत नसेल, तर 'शिक्रापूर' या नावातील वेलांटी श सोडून पुढे सरकते आणि 'क्र'चे तुकडे होतात. 'केंदूर' या नावात मात्र मात्रा, अनुस्वार व उकार एवढेच असल्याने ते सदोष प्रणालीतही बहुधा बरोबर उमटते. त्यामुळे एखाद्या सोप्या शब्दावरून प्रणालीची परीक्षा करणे फसवे ठरते. 'ज्ञानेश्वर', 'शिक्रापूर', 'दऱ्या' यांसारखे शब्द लिहून पाहिले की दोष लगेच उघड होतो. काही व्यावसायिक प्रणालींत देवनागरीसाठीची अक्षररचना असते, पण ती पर्यायांतून निवडावी लागते.

दुसरी अडचण जुन्या टंकांची आहे. श्री-लिपीसारख्या व्यवस्थांतील जुने टंक युनिकोडपूर्व काळातील संकेतनावर आधारलेले आहेत. त्यांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या टंकात नेल्यास रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन समूह दिसतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त व बलू हे टंक विनामूल्य असून शीर्षकांसाठी वापरता येतात. उपशीर्षकांची संचिका यूटीएफ-८ या संकेतनात जतन न केल्यास मराठी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात.

प्रणालीचा पडदा बहुधा इंग्रजीत असणे हाही अडसर आहे. 'ट्रिम', 'स्प्लिट', 'लेयर', 'रेंडर' हे शब्द वापरकर्ते अर्थापेक्षा बटणाच्या जागेवरून लक्षात ठेवतात. त्यामुळे आवृत्ती बदलून बटण हलले की शिकलेले काम अडते.

खूण, जाहिराती व वर्गणी

अनेक मोबाइल प्रणाली विनामूल्य आवृत्तीत चित्रफितीवर आपल्या नावाची खूण उमटवतात. ती काढण्यासाठी वर्गणी भरावी लागते. काहींत सशुल्क परिणाम विनामूल्य परिणामांमध्येच मांडलेले असतात आणि निर्यात करतानाच पैशांची मागणी होते. तासभराचे काम झाल्यावर ही मागणी समोर येत असल्याने वापरकर्त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते. खूण काढून देण्याचा दावा करणाऱ्या अनधिकृत आवृत्त्यांतून फोनमध्ये घातक प्रणाली शिरण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रातील वापर

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर मोबाइल डेटा स्वस्त झाला व ग्रामीण भागातील चित्रफितींना प्रेक्षक मिळाला. कोरी पाटी प्रॉडक्शनची 'गावाकडच्या गोष्टी' ही वेब मालिका आणि बारामती तालुक्यातील कांबळेश्वर येथील कलाकारांची 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही मालिका यांनी गावातील बोली, वाद व विनोद थेट पडद्यावर आणले. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांची 'आपली आजी' ही पाककृतींची वाहिनी त्यांच्या शाळकरी वयाच्या नातवाने सुरू केली. ऑक्टोबर २०२० मध्ये ही वाहिनी हॅक झाली व नंतर परत मिळवण्यात आली. चित्रफितींच्या प्रती स्वतःजवळ राखणे आणि खात्यासाठी दुहेरी पडताळणी वापरणे का आवश्यक आहे, हे या प्रसंगातून दिसले.

शिक्षणक्षेत्रात या साधनांचा वापर महासाथीच्या आधीच सुरू झाला होता. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देऊन त्यांतून दृक्‌श्राव्य साहित्य मुलांपर्यंत पोहोचवले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी शाळा बंद झाल्यावर असंख्य शिक्षकांना फोनवर पाठ चित्रित करून ते स्वतः कापावे लागले. जुलै २०२० मध्ये एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. ज्या घरी इंटरनेट नव्हते, तेथे दूरचित्रवाणीचाच आधार होता. संपादन सोपे झाले, तरी तयार चित्रफीत पाहण्याची सोय सर्वांना सारखी नसते, हे त्या काळात ठळकपणे जाणवले.

संपादन कोण करतो, याला सामाजिक अर्थही आहे. गोव्यातील व्हिडिओ व्हॉलंटियर्स या संस्थेने २०१० मध्ये 'इंडिया अनहर्ड' हा उपक्रम सुरू केला. त्यात वंचित समाजांतील व्यक्तींना कॅमेरा वापरण्याचे प्रशिक्षण देऊन आपल्या गावचे प्रश्न चित्रित करण्यास सांगितले जाते. अशा उपक्रमांत चित्रण गावात व संपादन कार्यालयात अशी विभागणी झाली, तर अंतिम कथन दुसऱ्याच्या हाती राहते. पाण्याचा टँकर, बंद पडलेली शाळा किंवा खचलेला रस्ता यांचे दहा मिनिटांचे चित्रण दोन मिनिटांवर आणताना कोणाचे वाक्य ठेवायचे, हा निर्णय ज्याचा प्रश्न आहे त्याला घेता येणे, हे सोप्या प्रणालींचे सर्वांत मोठे योगदान मानता येईल.

प्रशिक्षण

शिरूर तालुक्यातील केंदूर व पाबळ ही गावे एकाच परिसरात येतात. पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम ही संस्था स्थापन केली. प्रत्यक्ष काम करता करता शिकणे, हे तिचे सूत्र आहे. २००२ मध्ये तेथे फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेतील एमआयटीबाहेर सुरू झालेल्या पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. शेती, बांधकाम, वीज यांसारख्या कामांसाठी विकसित झालेले हे सूत्र आणि कॅरल यांचे निष्कर्ष एकाच दिशेने जातात. नवशिका आधी सिद्धान्त शिकून मग काम करत नाही. तो काम करताना अडतो आणि अडल्यावर शिकतो.

संपादनाच्या प्रशिक्षणात हे तत्त्व पुढीलप्रमाणे वापरता येते. पहिल्या दिवशी पाच तुकडे, एक मिनिट आणि केवळ कापणे व जोडणे एवढेच काम द्यावे. संक्रमणे व संगीत वर्ज्य ठेवावे. दुसऱ्या वेळी त्याच चित्रणावर निवेदन चढवावे. तिसऱ्या वेळी शीर्षक व उपशीर्षके लिहावीत. एकाच चित्रणावर वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी काम केल्यास एकाच घटनेच्या निरनिराळ्या मांडण्या समोर येतात व संपादनाने अर्थ कसा बदलतो हे वेगळे शिकवावे लागत नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पात मुक्त स्रोत प्रणालींचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. त्यांतील ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रणालीचे पाठ निवेदन स्वच्छ करण्यासाठी उपयोगी पडतात.

स्वामित्व हक्क

प्रणालीत गाणे जोडता येते, म्हणून ते वापरण्याचा हक्क मिळत नाही. भारतात या बाबी स्वामित्व हक्क कायदा, १९५७ याखाली येतात. गीताचे शब्द, चाल व ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. संत तुकारामांच्या अभंगांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. परंतु आधुनिक संगीतकाराने दिलेली चाल आणि ध्वनिमुद्रण कंपनीने काढलेली ध्वनिफीत संरक्षित असू शकते. गावातील भजनी मंडळाने पारंपरिक चालीत म्हटलेला अभंग त्यांच्या संमतीने मुद्रित करणे हा त्यामुळे अधिक निर्धोक मार्ग आहे. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा २००७ पासून चित्रफितींतील ध्वनी नोंदवलेल्या मुद्रणांशी ताडून पाहते. जुळणी झाल्यास चित्रफीत अडवली जाते, तिचा आवाज बंद होतो किंवा तिचे उत्पन्न हक्कधारकाकडे वळते.

चित्रित व्यक्तींची संमती ही कायद्याइतकीच सभ्यतेचीही बाब आहे. शाळेतील मुलांच्या चित्रफिती सार्वजनिक करण्यापूर्वी पालकांची परवानगी घेणे इष्ट असते.

टीका व मर्यादा

तयार साच्यांमुळे चित्रफिती एकसारख्या दिसू लागल्या आहेत, अशी टीका होते. तेच संगीत, तीच अक्षरांची उडी आणि तोच वेग यांमुळे विषयाचे वेगळेपण हरवते. उभ्या चौकटीतील लघु चित्रफितींच्या लाटेमुळे सावकाश उलगडणारे विषय मागे पडतात, हाही आक्षेप आहे. याउलट, साचा ही पहिली पायरी असून तिच्यामुळे संकोच मोडतो, असे समर्थकांचे म्हणणे आहे. सोप्या प्रणालींनी खोटी चित्रफीत बनवणेही सोपे केले आहे. मधले एक वाक्य कापून वक्त्याच्या म्हणण्याचा अर्थ उलटा करण्यास आज विशेष कौशल्य लागत नाही. ज्याने स्वतः एकदा तरी संपादन केले आहे, त्याला असा काप ओळखणे तुलनेने सोपे जाते. म्हणून संपादनाचे प्राथमिक ज्ञान हे माध्यम साक्षरतेचाही भाग ठरते.

निवडीचे निकष

प्रणाली निवडताना पुढील बाबी तपासल्या जातात: आपल्या संगणकावर किंवा फोनवर ती अडखळत नाही ना; देवनागरी जोडाक्षरे शुद्ध उमटतात का; ध्वनी व चित्र स्वतंत्रपणे कापता येतात का; किमान दोन दृश्यस्तर आहेत का; निर्यातीवर खूण उमटते का; आणि इंटरनेट नसताना काम चालते का. या सर्वांची चाचणी एका मिनिटाची चित्रफीत आरंभापासून निर्यातीपर्यंत पूर्ण करून घेता येते. मोठा प्रकल्प हाती घेण्यापूर्वी अशी चाचणी केल्यास वर नोंदवलेल्या बहुतेक अडचणी वेळीच लक्षात येतात.